मागे लाकूड नसेल तेव्हा

अमेरिका आणि कॅनडा येथील बहुतेक घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते बसवून त्या उभारलेल्या असतात. तिकडे ड्रायवॉल आणि आपल्याकडे जिप्सम बोर्ड म्हणून ओळखला जाणारा हा तक्ता म्हणजे जाड कागदाच्या दोन थरांमध्ये धरलेला जिप्समचा गाभा होय. सांगाड्यातील उभ्या लाकडांना स्टड म्हणतात आणि ती साधारणतः एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 16 किंवा 24 इंच अंतरावर असतात. तक्ता बहुधा अर्धा इंच जाडीचा असतो आणि जिप्सम ठिसूळ असल्यामुळे नुसत्या तक्त्यात पिळलेल्या स्क्रूभोवती त्याचा भुगा होतो. म्हणूनच स्क्रूच्या डोक्याने पुढचा कागद न फाडता दाबून धरावा आणि त्याच्या आट्यांनी मागच्या लाकडात पकड घ्यावी, अशी ही योजना असते.

मागे लाकूडच नसेल, तर ते तेथे न्यावे लागते. दोन स्टडच्या मधोमध पडलेले भोक बुजवताना आतील वीजतारा व नळ सांभाळून ते प्रथम चौकोनी कापतात, भोकाच्या उंचीपेक्षा काही इंच लांब लाकडी पट्टी तिरकी करून आत सरकवतात आणि ती मागून ओढून धरत शाबूत तक्त्यातून स्क्रू पिळून पक्की करतात. मग या आधारपट्टीवर तक्त्याचे ठिगळ बसवून, सांध्यांवर कागदी फीत चिकटवून आणि लांबीसारखे लुकण भरून पृष्ठभाग घासून सपाट केला जातो. भोक स्टडला लागून असेल, तर स्टडच्याच बाजूला पट्टी जोडली की ठिगळाच्या कडेला टेकण मिळते.

छताच्या कोपऱ्यात, तुळया भिंतीला समांतर असल्या की कडेला लाकूड सापडत नाही आणि तेथे तुळयांमध्ये आडवे ठोकळे बसवावे लागतात. परंतु लाकूड हाताशी असतानाही अनेक कारागीर छताच्या तक्त्याला कोपऱ्यापासून सात-आठ इंचांपर्यंत स्क्रू मारत नाहीत. भिंतीचा तक्ता खालून घट्ट सरकवून त्याच्यावरच छताची कड तोलतात. हवेतील ओलाव्यानुसार लाकूड फुगते व आकसते, आणि कोपरा जखडलेला नसल्यामुळे ती हालचाल तडा न जाता सामावली जाते; आधार देणे आणि जखडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे दिसून येते.