अम्माच्या कोनाड्यातले रोजे

यंदा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. पहाटे सहरीला उठताना अंगावर शाल लागते आणि दुपारी तीनला पंखा. असा अर्धा थंडीचा, अर्धा उन्हाचा रमजान बऱ्याच वर्षांनी आला आहे.

आमच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. "सर, गेल्या वर्षी तुमचे रोजे मार्चमध्ये लागले होते ना? मग यंदा फेब्रुवारीत कसे?" मी सांगतो, हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. मराठी महिनेही चंद्राचेच, पण तिथं अडीच-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून हिशोब जुळवून घेतात. यंदाही अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते आणि पोळा पावसाळ्यातच. हिजरीत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी येतो. आमच्या परभणीतला तुराबुल हक बाबांचा उरूस मात्र इंग्रजी तारखेवर चालतो, २ फेब्रुवारी. तो काही सरकत नाही.

स्टाफरूमला एवढं पुरतं. पण हा फेरा खरा कुणाला कळला असेल तर माझ्या अम्माला. तिला कुणी वय विचारलं की ती वर्षं सांगत नसे. म्हणायची, "एक फेरा हो गया, दूसरा चालू है." तिचा जन्म १९५० च्या रमजानचा, जून-जुलैमधला, नुकता पाऊस लागलेला. मी पहिला रोजा धरला तो १९८३ चा, तोही जून-जुलैचाच. म्हणजे मी नऊ वर्षांचा असताना अम्माचा पहिला फेरा पुरा होत होता.

झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर, अलीकडे सोयाबीन. अब्बा शिंपीकाम करायचे. ओसरीवर पायमशीन, बाजूला कापडाच्या चिंध्यांचा ढीग. अम्मा काज-बटन आणि तुरपाई करायची, हंगामात खुरपायला नाहीतर कापूस वेचायला जायची. जून म्हणजे शाळेच्या गणवेशाचे दिवस, त्यामुळे १९८३ च्या त्या रमजानमध्ये घरात खाकी आणि पांढऱ्या कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. माझ्या रोजा रखाईचा सदरा त्याच पांढऱ्या कापडातून उरलेल्या तुकड्याचा झाला. दुपारी चारनंतर मी रांजणाभोवती घिरट्या घालू लागलो, तेव्हा अम्मानं मला सुईत दोरा ओवायला बसवलं. एकामागून एक सुया. मगरीबच्या अजानपर्यंत गावातल्या सगळ्या शर्टांना पुरतील एवढ्या सुया मी ओवल्या असतील. याच रमजानात २५ जूनला भारतानं विश्वचषक जिंकला. तरावीह पढून आलेली मंडळी शेजारच्या देशमुखांच्या ओट्यावर रेडिओला कान लावून बसली होती. मॅच संपली मध्यरात्रीच्या सुमाराला. मग झोपायचं कशाला म्हणून सगळे सहरीपर्यंत तिथंच बसले.

त्यानंतर रमजान उन्हाळ्यात शिरला. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो हे वेगळं सांगायला नको. मोठ्या दिवसांत रोजा चौदा-साडेचौदा तासांचा होतो, डिसेंबरात तोच बारा तासांवर येतो. ऐकायला दोन-अडीच तासांचा फरक, पण जीभ टाळूला चिकटते तेव्हा त्या दोन तासांची लांबी कळते. इफ्तारला तेव्हा फ्रीज नव्हता. ओलं फडकं गुंडाळलेला माठ, टरबुजाच्या फोडी आणि गुळाचं पाणी.

नव्वदीच्या मध्यापासून थंडीतले रमजान आले. माझ्या आठवणीत सगळ्यात चवदार तेच. पहाटे चुलीवर खिचडी आणि तिळाचा खट्टा, बाहेर धुकं. इफ्तारला हरभऱ्याच्या घुगऱ्या, आणि शेजारून कुणी ना कुणी हुरडा नाहीतर ढाळे आणून द्यायचं. "बूबू, तुमचा रोजा सुटायच्या आत पोचवा म्हणली आई," असं म्हणत पोर दारातूनच टोपली पुढं करायचं. २००० साली तर दोन ईदी झाल्या, एक जानेवारीत आणि एक डिसेंबरच्या शेवटी. अब्बा म्हणाले होते, "दोन ईदी आल्या, पण गिऱ्हाईक एकाच ईदचे पैसे देणार." २०३० साली रमजान पुन्हा असाच एका वर्षात दोनदा सुरू होणार आहे.

अब्बांची खरी कसोटी २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षांत लागली. दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात. अब्बांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. "मास्तर, पोराचा सदरा लक्ष्मीपूजनाला पाहिजे बरं का." "झाला समज." "मास्तर, ईदच्या नमाजला कुडता लागतो." "झाला समज." मशीन रात्री दोनपर्यंत चालायची. अब्बा रोजा सोडायचे ते मशीनवरून न उठता, एका हातात खजूर आणि दुसरा हात चाकावर. आधी लक्ष्मीपूजनवाल्यांचे कपडे, मग ईदवाल्यांचे, शेवटी घरातले. एका ईदला माझ्या मुलाच्या कुडत्याला बटणंच लावायची राहिली. तो सेफ्टी पिना लावून ईदगाहला गेला आणि दिवसभर तेच सगळ्यांना दाखवत फिरला, माझ्या दादांनी शिवलाय म्हणून. अब्बा २००८ ला गेले. २०१० साली ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी, ११ सप्टेंबरला आली, तेव्हा ओसरीवरची मशीन झाकलेली होती.

आता अम्माच्या कोनाड्याविषयी.

चुलीच्या उजव्या हाताला भिंतीत एक कोनाडा होता. आत मिठाचं मडकं आणि काडेपेटी. कोनाड्याच्या आतल्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या बारीक उभ्या रेघा होत्या, काहींवर आडवी रेघ मारलेली. लहानपणी मला वाटायचं, दुधाचा हिशोब असेल. ईदच्या आधी घराला चुना लागायचा तेव्हा अम्मा रंगवणाऱ्याला सांगायची, "उत्ती जगा छोड दो." सगळं घर पांढरंशुभ्र आणि कोनाड्याच्या आत तळहाताएवढी काळपट जागा. रंगवणाऱ्याला ते कधीच पटलं नाही.

त्या रेघा म्हणजे अम्माचे राहिलेले रोजे. हे मला कळलं तेव्हा मी स्वतः दोन मुलांचा बाप होतो. मासिक पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नाही. बाळंतपणात नाही. पोटात मूल असताना किंवा अंगावर पाजत असताना झेपत नसेल तर सूट आहे. पण हे रोजे माफ नाहीत, पुढं कधीतरी भरून द्यावे लागतात. त्याला कजा म्हणतात. अम्माची पाच बाळंतपणं. तिनं हिशोब ठेवला आणि फेडत राहिली ती मार्गशीर्ष-पौषात, दिवस लहान असताना. रमजानमध्ये सहरीला सगळं घर उठतं, गल्ली जागी असते, मशिदीतून पुकारा होतो. कजा रोज्याला यातलं काही नसतं. अम्मा एकटी उठायची, रात्रीची अर्धी भाकरी दुधात कुस्करून खायची आणि पुन्हा पडायची. दिवसभर आम्हाला जेवू घालायची. संध्याकाळी कापूस वेचून येताना वाटेतच एखादं बोर तोंडात टाकून रोजा सोडायची. आम्हाला पत्ता नसे. एकदा डिसेंबरात मी तिला गरम गुलगुला भरवायला गेलो, तर तिनं तो पदरात बांधून ठेवला. मला वाटलं, तिला आवडत नाही.

रमजानवर आपण इतकं लिहितो, बोलतो. तरावीह, जकात, इफ्तारच्या दावती. दरवर्षी मीही लिहितो. पण बायकांच्या या थंडीतल्या रोज्यांवर मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. त्याची मला लाज वाटते.

२०१६ साली ७ जूनला रमजान लागला, म्हणजे १९८३ पेक्षा फक्त काही दिवस अलीकडे. त्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. आमच्याकडेही टँकरपुढं घागरींच्या रांगा होत्या. अम्माला सहा-सात वर्षांपासून शुगर होती. डॉक्टरांनी रोजे बंद केले होते आणि धाकटा भाऊ दरवर्षी तिच्या रोज्यांचा फिदया द्यायचा, एका रोज्यामागे एका गरजूचं दोन वेळचं जेवण. त्या वर्षी मात्र अम्मा अडून बसली. पहिला रोजा धरणारच. आम्ही रागावलो, आपा रडली, भाऊ डॉक्टरांना फोन लावून बसला. अम्मानं धरला. दिवसभर बाजेवर पडून राहिली. दर दोन तासांनी तिची शुगर तपासायची आणि खाली आली तर लगेच पाणी पाजायचं, एवढी एक अट तिनं मान्य केली होती. संध्याकाळी खजूर तोंडात घातला आणि म्हणाली, "दो फेरे हो गए." त्यानंतर तिनं रोजा धरला नाही. २०१८ च्या डिसेंबरात, तिच्या कजा रोज्यांच्या दिवसांत, ती गेली.

२०१९ च्या मार्चमध्ये भावानं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधायला काढलं. सामान हलवायला मी आणि आपा झरीला गेलो. मिठाचं मडकं उचललं आणि दोघंही कोनाड्यात वाकून मोजू लागलो. जुन्या रेघा कोळशाच्या, नंतरच्या शिसपेन्सिलीच्या, कारण घरात गॅस आल्यावर कोळसा उरला नव्हता. आडवी रेघ नसलेल्या सतरा निघाल्या. सगळ्या पेन्सिलीच्या.

खाली, इतरांपासून जरा दूर, अकरा रेघांची एक वेगळी ओळ होती. सगळ्या खोडलेल्या. मी म्हटलं, ही कुठली? आपा बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सत्त्याऐंशीची."

१९८७ चा रमजान मे महिन्यातला. आधीची सालं दुष्काळाची. लग्नसराई असूनही कपडे शिवायला कुणाकडे पैसा नव्हता. अम्मा रोजगार हमीच्या कामावर जायची, पाझर तलावाच्या मातीच्या टोपल्या उचलायला. पंधरा वर्षांची आपा सोबत. "तिसऱ्या दिवशी अम्माला भोवळ आली," आपा म्हणाली. "बाभळीखाली नेऊन मी पाणी पाजलं. त्यानंतर तसं बऱ्याचदा झालं. पाणी प्यायची, पण घास नाही खायची. घरी येऊन तुमच्यासोबत इफ्तारला बसायची. मला म्हणाली, 'अब्बा को नक्को बोल. उनों काम पे जाना बंद करा देंगे.'"

जिवावर बेतलं तर रोजा सोडायची मुभा आहे, हे अम्मालाही ठाऊक असणार. तरी ती ओळ तिनं वेगळी ठेवली आणि आपाच्या आठवणीप्रमाणे सगळ्यांत आधी, त्याच हिवाळ्यात, ओळीनं अकरा दिवस रोजे धरून फेडली. त्या अकरा दिवसांत मी याच घरात जेवत होतो.

सतरा रोज्यांचा फिदया आम्ही पाच भावंडांनी त्या वर्षीच्या रमजानमध्ये दिला. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल. दुसऱ्याच्या वतीनं रोजा धरता येत नाही, नाहीतर आपानं सतराही धरले असते. भाऊ म्हणाला, कोनाड्याचा फोटो काढून ठेवू. काढला, पण आत अंधार होता, फोटोत काळ्या भिंतीशिवाय काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद होती. झरीच्या नव्या घरात सगळे जमलो. शीरखुर्म्याची पातेली घासून झाल्यावर मी बायकोला विचारलं, "तुझे किती बाकी आहेत?" तिला आधी कळलंच नाही. मग हसली, म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज विचारताय?" तिनं पर्समधून दुकानाच्या जाहिरातीची एक छोटी डायरी काढली. शेवटच्या पानावर टिकल्या होत्या.

"एकोणतीस," ती म्हणाली. "डिसेंबरात धरते. तुम्ही फक्त सहरीला उठा."