लसूण, पानओवा आणि ओरेगानो : आहारातील गुण आणि औषधाची मर्यादा

बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र बाजारात फुलांच्या राशींशेजारी मरवा आणि दवणा यांच्या हिरव्या जुड्या विक्रीस असतात. वेणीत माळला जाणारा हा मरवा म्हणजे पिझ्झावर भुरभुरल्या जाणाऱ्या ओरेगानोचा जवळचा भाऊबंद होय. दोन्ही वनस्पती तुळशीच्या कुळातील असून त्यांचा वंशही एकच, ओरिगॅनम. खुद्द ओरेगानोही आपणास वाटते तितका परदेशी नाही. हिमालयाच्या समशीतोष्ण पट्ट्यात तो रानोमाळ वाढतो.

या वनस्पतींच्या आरोग्यविषयक गुणांची चर्चा अलीकडे गावोगावी पोहोचली आहे. लसणाने रक्तदाबाची गोळी सुटते, ओरेगानोचे तेल कोणताही जंतुसंसर्ग बरा करते, असे संदेश भ्रमणध्वनीवर फिरतात आणि त्यांची शहानिशा करण्यासाठी शेतकरी विस्तार कार्यकर्त्यालाच विचारतात. म्हणून या वनस्पतींत नेमके काय असते, ते कशाने टिकते आणि त्याचा लाभ कुठपर्यंत होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

लसूण : ठेचल्यावर निर्माण होणारा गुण

अखंड पाकळीला फारसा वास नसतो. पाकळीच्या पेशींत ॲलिन हे गंधकयुक्त द्रव्य आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत साठवलेले असते. पाकळी ठेचली वा चिरली की दोहोंचा संयोग होतो आणि काही क्षणांतच ॲलिसिन तयार होते. लसणाचा उग्र वास आणि जंतुरोधक गुण प्रामुख्याने याच द्रव्याचे. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी १९४४ साली ते वेगळे केले.

येथे स्वयंपाकाची पद्धत महत्त्वाची ठरते. उष्णतेने विकर निष्क्रिय होते. त्यामुळे अख्खी पाकळी थेट तापल्या तेलात टाकल्यास ॲलिसिन तयार होण्यापूर्वीच ती प्रक्रिया थांबते. लसूण ठेचून सुमारे दहा मिनिटे तसाच ठेवावा व नंतर शिजवावा, म्हणजे गंधकयुक्त द्रव्ये अधिक प्रमाणात टिकतात. खलबत्त्यात कुटलेली चटणी किंवा ताटात वाढलेला कच्चा ठेचा या दृष्टीने उपयुक्त आहे.

ओरेगानो, ओवा आणि पानओवा

ओरेगानोचा गुण त्याच्या सुगंधी तेलातील कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या दोन द्रव्यांत आहे. हीच द्रव्ये आपल्याकडे पूर्वापार वापरात आहेत. ओव्याच्या दाण्यांत साधारणतः २ ते ४ टक्के सुगंधी तेल असते आणि त्या तेलाचा मुख्य घटक थायमॉल असतो. तेल थंड केल्यावर सुटणारे स्फटिक ‘ओव्याचे फूल’ या नावाने विकले जातात. मधमाशीपालनात व्हॅरोआ कोळीच्या नियंत्रणासाठी हेच थायमॉल वापरतात.

तिसरी वनस्पती पानओवा. जाड, लवदार, रसाळ पानांचे हे झुडूप महाराष्ट्रात भज्यांसाठी परसात लावले जाते. बेंगळुरूत त्याला ‘दोड्डपत्रे’ म्हणतात आणि त्याची ‘तंबुळी’ करतात. पाने थोडी परतून खोबरे, जिरे व मिऱ्यांसह वाटायची आणि ताकात कालवायची. पानओव्याच्या तेलातही कार्व्हाक्रॉल व थायमॉल आढळतात. म्हणजेच, ओरेगानोची लागवड प्रत्येकाला शक्य नसली तरी त्याच गुणाची वनस्पती कुंडीतही वाढू शकते.

लाभ किती आणि कुठपर्यंत

प्रयोगशाळेत कार्व्हाक्रॉल व थायमॉल जिवाणूंचे पेशीपटल मोडतात, हे निर्विवाद आहे. परंतु काचपात्रात वापरलेली तीव्रता आणि भाजीवर भुरभुरलेली चिमूटभर पाने यांत मोठे अंतर आहे. या प्रयोगांवरून मनुष्याचा आजार बरा होतो असा निष्कर्ष काढता येत नाही. लसणाबाबत मानवी चाचण्या अधिक झाल्या आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल काही प्रमाणात घटल्याचे त्यांत दिसते. मात्र ही घट मर्यादित आहे, आणि या चाचण्यांत बहुधा ठरावीक मात्रेची लसूणचूर्णे वा अर्क नियमितपणे दिलेले असतात. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी लसणासाठी बंद करणे घातक ठरू शकते.

मग रोजच्या आहारातील लाभ कोणता? पहिला लाभ मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. लसूण, ओवा, कोथिंबीर, ओरेगानो यांनी पदार्थाला चव आली की मीठ कमी करूनही जेवण अळणी लागत नाही. दुसरा लाभ असा की, चव आल्याने डाळी व पालेभाज्या अधिक खाल्ल्या जातात.

काहींनी सावधगिरी बाळगावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी लसणाच्या गोळ्या वा मोठ्या प्रमाणातील कच्चा लसूण डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ओरेगानोचे शुद्ध तेल अतिशय तीव्र असते. ते पोटात घेण्याचा सल्ला आपण कोणासही देऊ नये, गर्भवती स्त्रियांना तर मुळीच नाही.

गुण शेतात घडतो

लसणाची गंधकयुक्त द्रव्ये मातीतील गंधकावर अवलंबून असतात. माती परीक्षणात गंधकाची कमतरता आढळल्यास ती भरून काढावी. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर गंधकही मिळते. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेने ‘भीमा ओंकार’ हा पांढरा आणि ‘भीमा पर्पल’ हा जांभळट सालीचा असे वाण दिले आहेत. पात पिवळी पडून माना पडू लागल्या की काढणी करावी. काढणीपूर्वी पाणी वेळेत तोडावे आणि गड्डे पातीसह सावलीत सुकवून हवेशीर जागी साठवावेत. ओल राहिल्यास बुरशी येते व पाकळ्या पोचट होतात.

ओरेगानोला निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन लागते. पाणी साचल्यास मुळे कुजतात. बेंगळुरूसारख्या सुमारे ९०० मीटर उंचीवरील सौम्य हवामानात तो चांगला येतो. फुलोरा सुरू होताना तेलाचे प्रमाण अधिक असल्याने तेव्हाच छाटणी करावी. पाने उन्हात न वाळवता सावलीत, साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवावीत, कारण उडून जाणारे तेल हेच या मालाचे मोल आहे. वाळलेली पाने हवाबंद, प्रकाशरोधक डब्यात ठेवावीत. सुगंधी वनस्पतींच्या मार्गदर्शनासाठी बेंगळुरूतील ‘सीमॅप’चे संशोधन केंद्र आणि हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्था यांच्याशी संपर्क साधता येईल.

शुद्धतेलाही बाजारात किंमत आहे. २०१५ साली ब्रिटनमध्ये तपासलेल्या वाळक्या ओरेगानोच्या नमुन्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश नमुन्यांत ऑलिव्ह व मर्टल यांच्या पानांची भेसळ आढळली होती. अशा बाजारात स्वतःच्या शेतातील, एकाच तुकडीचा, तारीख नोंदवलेला माल देणारा उत्पादक वेगळा ठरतो.

बचत गटांसाठी एक इशारा

तेलात बुडवलेला लसूण बाटलीत भरून विकण्याची कल्पना आकर्षक आहे, परंतु तीत गंभीर धोका आहे. लसूण मातीतून येतो आणि त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली प्राणवायू नसतो, लसणात आम्लता कमी आणि ओलावा पुरेसा असतो. अशा स्थितीत हा जिवाणू प्राणघातक विष तयार करतो. त्या विषाला वास वा चव असेलच असे नाही. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९८५ साली तेलातील चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना अशी विषबाधा झाली होती. म्हणून असे उत्पादन आम्लीकरणाच्या प्रमाणित पद्धतीशिवाय करू नये. घरी केलेला तेलातील लसूण शीतकपाटात ठेवून काही दिवसांतच संपवावा. लसणाची कोरडी चटणी किंवा पुरेसे मीठ व लिंबूरस असलेले लोणचे हे गटांसाठी अधिक सुरक्षित पर्याय आहेत.

वेष्टनावर काय लिहावे

‘मधुमेह बरा करते’, ‘रक्तदाबावर रामबाण’ असे शब्द खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर लिहिता येत नाहीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरात व दावेविषयक विनियम, तसेच १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम अशा दाव्यांना आळा घालतात. असा मजकूर छापलेला गट कारवाईस पात्र ठरतो आणि त्याच्या भरवशावर औषध सोडणारा ग्राहक जीव धोक्यात घालतो. वेष्टनावर वाण, गाव, काढणीची व वेष्टनाची तारीख आणि वापरण्याची पद्धत लिहावी. ‘ठेचून दहा मिनिटे ठेवा, मग फोडणीत घाला’ ही एक ओळ ग्राहकाच्या अधिक उपयोगाची आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या महिला गटाच्या बैठकीत पानओव्याचे एक-एक छाट वाटावे आणि लसूण ठेचून ठेवण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्याच बैठकीत तेलातील लसणाचा धोका आणि औषध न सोडण्याची सूचनाही स्पष्ट शब्दांत सांगावी.