परमुलखात हरवला कंपनीचा लॅपटॉप

आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज नोकरीसाठी परदेशी आहेत. आमचेही तसेच. दादा या कारखान्याचे जुने सभासद, आणि आम्ही गेली दोन वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळ एका कंपनीत यंत्रभागांची ड्रॉइंग्ज काढतो. तिथे आमच्या हातून एक चूक घडली. सांगायची लाज वाटते. पण सभासदांच्या लेकरांना उपयोग होईल म्हणून सांगतो.

नोव्हेंबरातली संध्याकाळ. तिकडे या दिवसांत पाचच्या आतच अंधार पडतो. कामावरून लोकलने घरी येत होतो. ब्योब्लिंगन आले तसे घाईने उतरलो, दारे लागली, आणि मग ध्यानात आले की खांदा हलका आहे! कंपनीच्या लॅपटॉपची बॅग सीटशेजारीच राहिली. गाडी डोळ्यांदेखत हेरेनबर्गकडे निघून गेली. तेव्हा साडेसहा वाजले होते.

मागच्या गाडीने हेरेनबर्ग गाठले. तो शेवटचा थांबा. फलाट पालथा घातला, बाकाखाली वाकून पाहिले. बॅग नाही. घरी आलो आणि मनात हिशेब सुरू झाला. यंत्राची किंमत भरावी लागेल का? आत गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज आहेत, ती कुणाच्या हाती पडली तर? नोकरी गेली तर? इथे राहण्याचा परवाना नोकरीच्या जोरावर मिळालेला. नोकरीबरोबर तोही धोक्यात. साहेबांना फोन करायचे धाडस होईना. सकाळी बॅग मिळेल, मग कुणाला कळायचेही नाही, असे स्वतःलाच समजावत अकरा वाजवले.

शेवटी दादांना फोन लावला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन. रात्रीची लाईट होती, दादा मळ्यात पाणी पाजत होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फड पेटला तर तू काय करतोस? काडी कुणी टाकली ते सकाळी बघू. आधी गट ऑफिसला कळवायचं का नाही?"

खरेच की! जळीत उसाला जितका उशीर, तितकी वजनात आणि उताऱ्यात घट, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्ही मात्र साडेचार तास गप्प बसलो होतो.

लगेच कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाने 'कसा हरवला' हे विचारलेच नाही. पहिला प्रश्न, "किती वाजता हरवला?" दुसरा, "पासवर्डची चिठ्ठी बॅगेत आहे का?" नव्हती. त्याने थोड्याच वेळात आमचे खाते बंद केले, म्हणजे त्या यंत्रातून कंपनीच्या कोठारात कुणाला शिरता येऊ नये. डिस्कवरची माहितीही कुलूपबंद होती. किल्लीवाचून ती नुसती कडबोळी. 'तेव्हाच का नाही सांगितलं?' एवढे मात्र दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारले. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

या घाईमागे कायदाही आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा नियम लागू आहे. लोकांची खासगी माहिती फुटून त्यांना धोका होण्यासारखा असेल, तर कंपनीला ते कळल्यापासून शक्यतो ७२ तासांत सरकारी यंत्रणेला कळवावे लागते. नोकरच गप्प बसला तर कंपनीला कळणार कसे?

भरपाईची भीतीही आम्ही उगाच वाढवली होती. जर्मन कामगार न्यायालयांनी साधारण तीन पायऱ्या मानल्या आहेत. किरकोळ दुर्लक्ष असेल तर नोकरावर भार नाही. मध्यम असेल तर नुकसान दोघांत वाटून. घोर निष्काळजीपणा असेल तर बहुधा सगळे नोकराच्या अंगावर. आमच्याकडून कंपनीने काही मागितले नाही.

रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खात्याकडे अर्ज केला. बॅगेचा रंग, तुटलेली चेन, आतला जेवणाचा डबा, सगळे लिहिले. अकराव्या दिवशी निरोप आला. डबे झाडणाऱ्या एका कामगाराने बॅग जमा केली होती, लॅपटॉपसकट!

तिकडच्या दिवाणी कायद्यात सापडलेल्या वस्तूचे बक्षीस ठरलेले आहे. ५०० युरोपर्यंतच्या किमतीवर ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर ३ टक्के. वस्तू रेल्वेत सापडली तर त्याच्या निम्मे, आणि रेल्वेचाच नोकर असेल तर काहीच नाही. म्हणजे त्या माणसाने हक्काचा एक पैसाही मिळणार नसताना बॅग जागेवर पोचवली. आम्ही आभाराची चिठ्ठी खात्याकडे दिली. त्याचे नाव आजही आम्हाला माहीत नाही.

नुकसान व्हायचे ते झालेच. अकरा दिवस परक्या हाती राहिलेले यंत्र म्हणून कंपनीने ते पुसून कोरे केले. तीन दिवसांची ड्रॉइंग्ज आम्ही कोठारात चढवलीच नव्हती. ती पुन्हा पहिल्यापासून काढली.

आता परदेशी असलेल्या आपल्या मुलांना चार गोष्टी जरूर सांगा:

१) रोजचे काम त्याच दिवशी कंपनीच्या कोठारात चढवावे.
२) यंत्राचा नंबर आणि कंपनीचा आणीबाणीचा फोन वेगळ्या कागदावर लिहून ठेवावा.
३) पासपोर्ट आणि पासवर्ड लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नयेत.
४) वस्तू हरवली तर शोधायला निघण्याआधी ऑफिसला फोन करावा.

आणि घरच्यांनी एक करावे. पोराचा अवेळी फोन आला तर आधी रागावू नये. दादा त्या पहाटे रागावले असते, तर आम्ही सकाळपर्यंत गप्पच बसलो असतो.