दाखला, बदली आणि मुंबईचे दोन सलामीवीर

दोस्तांनो, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर सगळ्यात आधी काय लागतं? बरोब्बर! शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपली 'टी.सी.'. बोरीच्या शाळेतून नाव काढून जिंतूरला किंवा परभणीला घालायचं, तर जुन्या शाळेच्या हेडसरांची सही आणि गोल शिक्का पाहिजेच. त्याशिवाय नवी शाळा काही तुमचं नाव पटावर चढवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खेळाच्या पानावर टी.सी. कुठून आली? तर ऐका. १ एप्रिल २०२५ रोजी मुंबई क्रिकेट असोसिएशनला एक ई-मेल आला. मुंबईच्या एका खेळाडूनं टी.सी. मागितली होती! क्रिकेटमध्ये तिला 'ना हरकत प्रमाणपत्र' म्हणतात. तारीख बघून कुणाला एप्रिल फूल वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. कारण पत्र पाठवणारा होता यशस्वी जैस्वाल, आणि त्याला जायचं होतं गोव्याच्या संघात.

४२ वेळा रणजी करंडक जिंकलेली मुंबई कुठे, आणि एकदाही न जिंकलेला गोवा कुठे!

पण थांबा. हा कागद लागतोच कशाला, ते आधी पाहू. भारतात क्रिकेट खेळणारा प्रत्येक खेळाडू कुठल्या तरी एका संघटनेच्या पटावर असतो. आपलं राज्य एक, पण रणजी करंडकात संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबई आणि तिच्या लगतच्या परिसराचा संघ मुंबई. नागपूर, अकोला, बुलढाणा हे विदर्भात. मग आपण? परभणी जिल्हा येतो 'महाराष्ट्र'मध्ये, म्हणजे पुण्याला कचेरी असलेल्या संघटनेत. जिंतूर तालुक्याच्या उत्तरेला बुलढाणा जिल्ह्याची हद्द लागली, की क्रिकेटचा पट बदलला. तिकडचा मुलगा विदर्भाचा, तुम्ही महाराष्ट्राचे. उद्या बोरीचा एखादा पोरगा फार छान चेंडू टाकू लागला आणि विदर्भानं त्याला बोलावलं, तर त्यालाही पुण्याहून हा कागद आणावा लागेल.

आता यशस्वीकडे वळू. तो मूळचा मुंबईचा नाहीच. उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यात सुरियावाँ नावाचं गाव आहे, तिथला हा पोरगा. क्रिकेटसाठी लहान वयातच मुंबईत आला. राहायला जागा नव्हती, म्हणून आझाद मैदानावर माळ्यांच्या तंबूत राहिला. तुमच्यापैकी जे पाचवी-सहावीत आहेत त्यांनी क्षणभर डोळे मिटून बघा : आई-वडील शेकडो मैल लांब, वर कापडाचं छत आणि पहाटे उठून सराव. पोट भरण्यासाठी त्यानं पाणीपुरीच्या गाडीवरही काम केलं. पुढे ज्वाला सिंह या प्रशिक्षकांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं.

मग मात्र धावांचा पाऊस. २०१९ मध्ये विजय हजारे स्पर्धेत झारखंडविरुद्ध २०३ धावा, तेव्हा तो होता अवघा १७ वर्षांचा. २०२० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात मालिकावीर. २०२३ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १७१. आणि २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध एकाच मालिकेत दोन द्विशतकं, विशाखापट्टणमला २०९ आणि राजकोटला नाबाद २१४.

असा मुलगा 'मी चाललो' म्हणतो, तेव्हा मुंबईकरांना काय वाटलं असेल? वाईट वाटलं, आणि रागही आला. आम्ही याला मोठा केला आणि हा निघाला, असा सूर उमटला. संघाशी खटका उडाल्याच्या बातम्याही छापून आल्या. यशस्वीनं स्वतः सांगितलेलं कारण वेगळं होतं : गोव्यात नवी संधी आहे, नेतृत्व करायला मिळेल. मुंबईचे उपकार आपण विसरणार नाही, असंही त्यानं सांगितलं.

माझं विचाराल तर मला त्याच्या मागण्यात काही वावगं वाटलं नाही. भदोहीचा मुलगा मुंबईत आला तेव्हा त्याला 'बाहेरचा' म्हणून परत पाठवलं असतं तर? मुंबईनं तसं केलं नाही, हा तिचा मोठेपणा. पण म्हणून तो जन्मभर तिथेच राहिला पाहिजे, असं नाही ना होत! आणि त्यानं रुसून सामने चुकवले नाहीत. सरळ पत्र लिहून विचारलं. संघटनेनंही दार अडवून धरलं नाही, ती मागणी मान्य केली.

गोष्ट इथे संपली असती, पण महिनाभरानंतर त्याचं दुसरं पत्र आलं. घरचे गोव्याला राहायला जाणार होते, तो बेत तूर्त लांबणीवर टाकलाय, मला मुंबईकडूनच खेळू द्या! टी.सी. काढायला गेलेला विद्यार्थी परत येऊन त्याच बाकावर बसला म्हणा ना. जून २०२५ च्या अखेरीस मुंबई असोसिएशननं हीसुद्धा विनंती मान्य केली. आणि नोव्हेंबरमध्ये जयपूरला राजस्थानविरुद्धच्या रणजी सामन्यात यशस्वीनं मुंबईसाठी ६७ आणि १५६ धावा काढल्या.

दाखल्याची गोष्ट ही अशी. दाखला मागायचा खेळाडूनं आणि द्यायचा संघानं. पण खेळाच्या जगात दुसराही एक प्रकार आहे, त्याला इंग्रजीत 'ट्रेड' म्हणतात. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे : बदली! ज्यांचे आई किंवा बाबा जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगायची गरजच नाही. बदलीचे प्रकारही तुम्हाला तोंडपाठ असतील. विनंती बदली, प्रशासकीय बदली, आपसी बदली.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेत हे सगळे प्रकार एकाच वेळी बघायला मिळतात. जिमी बटलर हा मायामी हीट संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू. २०२० आणि २०२३ अशा दोन वर्षी त्यानं संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. पण पुढच्या कराराच्या पैशांवरून त्याचं आणि संघाचं फाटलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यानं उघडच सांगितलं, की मला इथे खेळण्यात आनंद उरलेला नाही. संघानं त्याला सात सामने बाहेर बसवलं, आणि पगारही कापला! परत आला, तर संघाच्या विमानालाच आला नाही. पुन्हा दोन सामने बंदी. त्यानंतर सराव अर्धवट टाकून निघून गेला, तेव्हा बेमुदत बंदी. एकाच महिन्यात तीन वेळा!

बास्केटबॉलमध्ये एका वेळी मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात. कबड्डीत तुमचा हुकमी चढाईवाला मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून बसला, तर बाकीच्यांचं काय होईल? मायामीच्या पोरांचं तेच झालं. भांडण बटलरचं आणि मालकांचं, पण अडचण बाकीच्या साऱ्यांची. या हट्टाबद्दल मला बटलरचं कौतुक वाटत नाही. पण त्याची बाजूही ऐकून घ्या. एनबीएमध्ये मोजके खेळाडू सोडले, तर संघ कुणालाही न विचारता दुसऱ्या गावी पाठवू शकतो. खेळाडूला मात्र करार संपेपर्यंत आपणहून जाता येत नाही. दार एकाच बाजूनं उघडत असेल, तर आतला माणूस केव्हा तरी ते ठोठावणारच.

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, बदल्यांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, बटलर गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये गेला. त्याला हवं होतं ते झालं. पण बदली म्हटली की दुसऱ्या कुणाला तरी उठावं लागतं! गोल्डन स्टेटचा अँड्र्यू विगिन्स याचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, तरी त्याला सॅन फ्रान्सिस्कोहून थेट मायामीला जावं लागलं, म्हणजे देशाच्या या टोकाहून त्या टोकाला. डेनिस श्रोडरची तर कमालच. डिसेंबर २०२४ मध्ये तो ब्रुकलिनहून गोल्डन स्टेटला आला होता. दोन महिन्यांच्या आत या सौद्यात पुन्हा उचलला गेला आणि शेवटी डेट्रॉइटला पोचला. गाठोडं सोडायलाही सवड मिळाली नसेल बिचाऱ्याला! बातम्यांत फोटो बटलरचा मोठा येतो. मला मात्र अशा वेळी विगिन्स आणि श्रोडरच्या घरातली शाळकरी मुलं डोळ्यांपुढे येतात. बदलीवाल्या घरातल्या मुलांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आपल्या आयपीएलमध्येही बदल्या होतात. फरक एवढाच, की इथे खेळाडूची संमती लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थान रॉयल्सचा कर्णधार संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि चेन्नईचा रवींद्र जडेजा, सॅम करनसह, राजस्थानला आला. चक्क आपसी बदली! यातली खरी मौज जडेजाच्या जुन्या गोष्टीत आहे. २००८ मध्ये राजस्थाननं पहिली आयपीएल जिंकली, तेव्हा कोवळा जडेजा त्याच संघात होता. पुढे त्यानं दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली, म्हणून २०१० च्या पूर्ण स्पर्धेतून त्याला बाहेर ठेवलं होतं. ज्या संघातून चोरपावलांनी निघायला गेला, त्याच संघात १५ वर्षांनी तो राजरोस, कागदपत्रांनिशी परत आला.

पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का. मुलगी खो-खो छान खेळते म्हणून दुसऱ्या शाळेचं बोलावणं येतं. गावच्या स्पर्धेत तर 'बाहेरचा खेळाडू खेळवला' म्हणून दर वर्षी कुठे ना कुठे तंटा होतोच. शालेय स्पर्धेत मूल ज्या शाळेच्या पटावर आहे तिच्याकडूनच खेळतं, आणि संयोजक बोनाफाईड मागतात तो याचसाठी. तेव्हा बोलावणं आलं तर आधी जुन्या सरांना जाऊन विचारा, आणि त्याहीआधी मुलीला विचारा. तिच्या बाकावरची मैत्रीण कोण, हे तुमच्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं.

आता राहिला मुंबईचा दुसरा सलामीवीर. तो तर आता आपलाच आहे!

पृथ्वी शॉ. हा विरारचा मुलगा. २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्यानं एका डावात ५४६ धावा काढल्या होत्या, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी राजकोटला पहिल्या कसोटीत त्यानं १३४ धावा केल्या. मग मात्र गाडी घसरली. तंदुरुस्ती आणि शिस्त यांबद्दल तक्रारी झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईनं त्याला रणजी संघातून वगळलं, आणि पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याला कुणीही घेतलं नाही. आपलं सरावाकडे दुर्लक्ष झालं, चुकीचे निर्णय घेतले, हे नंतर त्यानंच एका मुलाखतीत मान्य केलं.

जून २०२५ मध्ये त्यानंही दाखला मागितला. मुंबईनं तो दिला, आणि जुलैमध्ये पृथ्वी महाराष्ट्राच्या पटावर आला. म्हणजे बोरीच्या, जिंतूरच्या, परभणीच्या मुलांचा जो संघ, त्याच संघात!

इथे एक जुनी आठवण सांगितलीच पाहिजे. रणजी करंडकातली सर्वांत मोठी खेळी महाराष्ट्राच्या नावावर आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ च्या विक्रमाला फक्त नऊ धावा कमी होत्या. पण काठियावाडच्या कर्णधारानं पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला! (रुसवे-फुगवे काही आजचे नाहीत.) आणि हे निंबाळकर स्वतः महाराष्ट्राखेरीज बडोदा, होळकर, रेल्वे अशा संघांकडूनही खेळले होते. त्यांच्या ४४३ नंतर रणजीतली दुसऱ्या क्रमांकाची खेळी कुणाची? पृथ्वी शॉची, ३७९ धावांची. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध, तेव्हा तो मुंबईकडून खेळत होता.

महाराष्ट्राकडून रणजीतला त्याचा पहिला डाव मात्र शून्यावर संपला. ऑक्टोबर २०२५, समोर केरळ. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी फळ्यावर गणित चुकावं, तसं झालं. दुसऱ्या डावात त्यानं ७५ धावा केल्या. पुढचा सामना चंडीगडला होता. तिथे पहिल्या डावात फक्त ८, आणि दुसऱ्या डावात १५६ चेंडूंत २२२!

महाराष्ट्रानं तो सामना जिंकला. पहिल्या डावात ऋतुराज गायकवाडनं ११६ धावा केल्या होत्या, म्हणून सामनावीर त्याला जाहीर झाला. ऋतुराजनं तो पुरस्कार पृथ्वीबरोबर वाटून घेतला.