साक्षीदार कुठे आहेत?

बँकेत मी बरीच वर्षं मृत खातेदारांचे दावे हाताळले. समोर बसलेला माणूस मृत्यूचा दाखला पुढे करायचा आणि पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असायचं, "नॉमिनी मीच आहे." त्याला पैसे मिळायचेही. पण ते पैसे त्याचे झाले असं नव्हे, तो ते वारसांसाठी स्वीकारतो आहे, हे मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगायची. कित्येकांना ते ऐकायचं नसायचं. २०२२ मध्ये आप्पामामा गेला, त्याच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून माझं नाव निघालं, आणि तेच वाक्य मला माझ्याच घरात ऐकावं लागलं.

आप्पामामानं लग्न केलं नव्हतं. दादरच्या सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये तो आणि त्याची धाकटी बहीण, आमची ताईमावशी, राहत होते. तीही अविवाहित. चाळीसेक वर्षं त्या घराचा स्वयंपाक, आजारपणं, सणवार सगळं तिनं केलं. मामानं स्वतःच्या अक्षरात मराठीत मृत्युपत्र लिहिलं होतं: ब्लॉक आणि ठेवी ताईमावशीला, थोडे शेअर नागपूरच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे भाऊमामाच्या, नातीला. सोसायटीच्या फायलीत मात्र फार जुना नॉमिनेशनचा फॉर्म होता आणि त्यावर नाव होतं भाऊमामाचं.

मृत्युपत्र नसतं तर काय झालं असतं, ते आधी सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलं, आई आणि वडील यांपैकी कोणीच मागे नसेल तर हयात भाऊ-बहिणींना सारखा वाटा मिळतो. म्हणजे अर्धा ब्लॉक भाऊमामाचा आणि ताईमावशी सत्तरी उलटल्यावर स्वतःच्या घरात अर्ध्याची मालकीण. माझी आई मामाच्या आधीच गेली, त्यामुळे आम्हा भाचरांचा हक्कच येत नाही. एक जरी भाऊ किंवा बहीण हयात असेल तर गेलेल्या भावंडांची मुलं त्या रांगेत मागे राहतात. हे ऐकून चकित झालेले बरेच लोक मी पाहिले आहेत.

पण मृत्युपत्र होतं. मग प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, कशाला? भारतीय वारसा कायदा १९२५ चा. त्याच्या कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथल्या उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत हिंदूनं केलेलं मृत्युपत्र, किंवा त्या हद्दीतल्या स्थावर मालमत्तेबद्दलचं मृत्युपत्र, प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सिद्ध करायला चालत नसे. मामा पुण्यात राहत असता, तिथेच त्यानं मृत्युपत्र केलं असतं आणि घरही पुण्यात असतं, तर ही सक्ती नव्हती. आमचं घर दादरचं, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करणं भाग होतं.

प्रोबेटच्या कामात न्यायालय एकच गोष्ट तपासतं: हा कागद या माणसाचं खरं आणि शेवटचं मृत्युपत्र आहे का, आणि ते त्यानं शुद्धीत, स्वतःच्या मर्जीनं केलं का. घर खरोखर त्याच्या मालकीचं होतं का, वाटणी न्याय्य आहे का, बहिणीनं किती केलं आणि भावानं किती, यातलं काहीही तिथे ठरत नाही. हे मनात पक्कं झालं की बाकीची धावपळ कळू लागते. सगळा भार येऊन पडतो तो साक्षीदारांवर.

कलम ६३ सांगतं की मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच असं त्यानं त्यांना सांगितलेलं असावं. आणि त्यांनी आपल्या सह्या त्याच्यासमोर केलेल्या असाव्यात. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कोऱ्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं, साक्षीदार मात्र टळत नाहीत. अर्जासोबत त्यांच्यापैकी एकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. मामाचा पहिला साक्षीदार आमचे फॅमिली डॉक्टर. ते मामाच्या आधीच वारले होते. दुसरे शेजारच्या जिन्यातले एक गृहस्थ, ते घर विकून मुलाकडे बंगळुरूला गेलेले. मृत्युपत्रावर त्यांचा पत्ता होता तो दादरचाच. शेवटी त्या इमारतीतल्या दूधवाल्याकडून त्यांच्या सुनेचा नंबर मिळाला. ऐंशी ओलांडलेले ते गृहस्थ फोनवर म्हणाले, "आप्पांनी सही केली तेव्हा मी आणि डॉक्टर दोघंही समोर होतो, मला सगळं आठवतंय." तिथल्याच नोटरीसमोर त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं. तेही नसते तर मार्ग बंद होत नाही. साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारी माणसं आणून सिद्ध करता येतं. पण ती वाट लांबची आहे, आणि त्यात हरकत घेणाऱ्याला बोट ठेवायला जागा सापडते.

मामानं नंतर कधीतरी पेनानं एका ठेवीचा क्रमांक खोडून नवा लिहिला होता. कलम ७१ प्रमाणे मृत्युपत्र पूर्ण झाल्यानंतरच्या अशा दुरुस्तीलाही सही आणि साक्षीदार लागतात, नाहीतर ती धरली जात नाही. सुदैवानं "माझ्या सर्व ठेवी" असं पुढच्याच ओळीत होतं, म्हणून निभावलं. मृत्युपत्र मराठीत, त्यामुळे त्याचं न्यायालयाच्या भाषांतरकारांकडून इंग्रजी करून घ्यावं लागलं. मूळ कागद न्यायालयात जमा झाला. मालमत्तेची यादी, देण्यांची यादी, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते हे सगळं अर्जात आलं. कोर्ट फी महाराष्ट्रात आम्ही भरली तेव्हा कमाल ७५,००० रुपये होती. मुंबईतला साधा ब्लॉकही त्या कमाल मर्यादेला सहज पोचतो.

खरा जीव गुंततो तो वारसांच्या नोटिशीत. ज्यांना मृत्युपत्र नसतं तर वाटा मिळाला असता, त्यांना कळवावं लागतं. त्यांनी संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं तर नोटीस काढायची गरज उरत नाही. त्यांनी कॅव्हेट आणि हरकतीचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं तर अर्जाचा दावा होतो आणि मग साक्षीपुरावे, उलटतपासणी, वर्षं. वकील म्हणाले, नोटीस पाठवू. मी म्हटलं, आधी मी नागपूरला जाऊन येते. न्यायालयाच्या शिक्क्याचा लखोटा भावाच्या दारात बहिणीच्या नावानं जाणं मला सहन होण्यासारखं नव्हतं.

भाऊमामानं मृत्युपत्राची प्रत दोनदा वाचली. मग म्हणाला, "पण सोसायटीत नॉमिनी माझं नाव आहे ना गं?"

मी त्याला सांगितलं, जे बँकेत इतरांना सांगत आले तेच. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदीप्रमाणे नॉमिनी फार तर तात्पुरता सभासद होतो. कायमचं नाव लागतं ते मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कुटुंबातला लेखी करार पाहून. पुढे १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं, की नॉमिनी मालक होत नाही. त्या दिवशी भाऊमामा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाला, "ताईला मी कुठे घराबाहेर काढणार होतो? पण आप्पानं मला एकदा सांगायला हवं होतं." आणि सही केली. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. आप्पामामानं नागपूरला एक पत्र लिहिलं असतं तर माझ्या या धाकट्या मामाला ते माझ्या तोंडून ऐकावं लागलं नसतं.

हरकत न आल्यानं प्रोबेट मिळालं, न्यायालयाच्या मोहरेसह. सोसायटीनं भागदाखल्यावर ताईमावशीचं नाव चढवलं, नातीचे शेअर तिच्या डीमॅटमध्ये गेले.

त्यानंतर कायदा बदलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं कलम २१३ वगळलं. प्रोबेटची सक्ती गेली. ज्याला हवं तो ते अजूनही घेऊ शकतो. मला हा बदल योग्य वाटतो, एकाच देशात पुण्याच्या विधवेला जे लागत नाही ते मुंबईच्या विधवेला का लागावं? पण सक्ती गेली म्हणून साक्षीदार गेले असं समजू नका. वाद उभा राहिला की मृत्युपत्र खरं असल्याचं सिद्ध करावंच लागेल, आणि कलम ६३ जागच्या जागी आहे.

तुमच्या घरात मृत्युपत्र असेल तर ते या आठवड्यात काढा आणि साक्षीदारांची नावं वाचा. त्यांतलं कोणी गेलं असेल, कुठे आहे ते माहीत नसेल, तर नवं मृत्युपत्र करा. आधीचं रद्द केल्याचं त्यात लिहा, तारीख घाला, तुमच्याहून वयानं लहान असे दोन साक्षीदार घ्या, त्यांचे पूर्ण पत्ते आणि फोन नंबर लिहा. बँकेतलं आणि सोसायटीतलं नॉमिनेशन त्याच्याशी जुळवून घ्या. आणि ज्याला तुम्ही कमी देणार आहात, त्याला ते तुमच्या तोंडून कळू द्या.