सबएजंट जोडताना

बीजीपीडीला एसएनएमपीशी जोडायचं तर रात्रीची मेंटेनन्सची वेळ मागून घ्यावी लागते, कारण बीजीपी सांभाळणारा हा डेमन रिस्टार्ट करायचा असतो. एफआरआर या राउटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएनएमपीचं मॉड्यूल चालत्या बीजीपीडीला मागाहून लावता येत नाही. डेमन्सच्या फाइलमध्ये त्याचं नाव घालायचं आणि बीजीपीडी बंद करून पुन्हा उठवायचा. तेवढ्यात शेजारच्या राउटरांशी असलेली सेशन्स तुटतात. भर दुपारी हा उद्योग कुणी करू नये.

एसएनएमपीची विचारणा यूडीपीच्या १६१ पोर्टवर येते आणि तिथे एसएनएमपीडी बसलेला असतो. मेमरी, डिस्क, इंटरफेस यांची माहिती तो देतो. बीजीपीतला कोणता शेजारी जोडलेला आहे, हे मात्र बीजीपीडीलाच ठाऊक. या दोघांनी आपसात कसं बोलायचं ते एजंटएक्सने ठरवून दिलं आहे. त्याचं आजचं रूप जानेवारी २००० मधल्या आरएफसी २७४१ चं. बीजीपीडी सबएजंट होऊन मास्टरकडे, म्हणजे एसएनएमपीडीकडे, सेशन उघडतो आणि १.३.६.१.२.१.१५ ही फांदी स्वतःकडे नोंदवून घेतो. पुढे त्या फांदीचा प्रश्न आला की मास्टर तो त्याच्याकडे वळवतो.

कॉन्फिगच्या ओळी दोनच: एसएनएमपीडीकडे ‘मास्टर एजंटएक्स’, एफआरआरकडे ‘एजंटएक्स’. वेळ खातं ते सॉकेट. मास्टरचं युनिक्स सॉकेट मुळात त्याच्याच युजरपुरतं उघडं असतं. एफआरआरचा युजर वेगळा, म्हणून बीजीपीडी बाहेरच अडकतो. अशा वेळी सरळ ७७७ परवानगी देऊन मोकळं होणारे पुष्कळ आहेत, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. एजंटएक्समध्ये ओळख पटवायची स्वतःची सोयच नाही. सॉकेटपर्यंत जो पोचला, तो सबएजंट. नोंदणीची प्राथमिकता न सांगितल्यास १२७ धरली जाते आणि लहान आकडा वरचढ ठरतो. त्याच मशीनवरची कुठलीही प्रोसेस लहान आकडा सांगून तीच फांदी बळकावू शकते, आणि तुटलेला शेजारी जोडलेला दाखवू शकते. म्हणून मी या दोघांपुरता एक ग्रुप करते आणि सॉकेट व त्याचा फोल्डर यांना ७७० देते. पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

मग लॉगमध्ये ‘एजंटएक्स सबएजंट कनेक्टेड’ अशी ओळ उमटते. काम इथे संपत नाही. डेबियनच्या मूळ कॉन्फिगमध्ये एसएनएमपीडी फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, आणि त्याचा व्ह्यू सिस्टिमच्या मोजक्या माहितीपुरता असतो. सबएजंट जोडलेला असूनही वॉक, म्हणजे फांदीखालची सगळी मूल्यं ओळीने मागवणं, रिकामा येतो, आणि नवखी मंडळी परत सॉकेटच उकरत बसतात. पत्ता बदलायचा आणि व्ह्यूमध्ये १५ ची फांदी घालायची. सगळं झाड उघडं करायची गरज नाही. एसएनएमपीच्या आधीच्या व्हर्जनांत पासवर्डसारखी वापरली जाणारी कम्युनिटी स्ट्रिंग नेटवर्कवर उघडीच जाते, तेव्हा व्हर्जन ३ चा एन्क्रिप्शनवाला युजर बरा.

खरी तपासणी मॉनिटरिंगच्या मशीनवरून. शेजाऱ्यांच्या स्थितीच्या कॉलमवर वॉक दिला की शेजाऱ्यागणिक एक ओळ येते: ओआयडीच्या शेवटी त्याचा आयपी पत्ता आणि पुढे एक आकडा. ६ म्हणजे सेशन उभं आहे, १ म्हणजे शांत बसलंय, ३ म्हणजे जोडणीची खटपट चालू आहे.

वेळ उरला असेल तर एफआरआर मुद्दाम थांबवून बघावा. सॉकेट तुटताच मास्टर त्याची नोंद काढून टाकतो. ६ चा १ होत नाही, आकडाच गायब होतो आणि उत्तर येतं ‘नो सच ऑब्जेक्ट’. ‘६ नसेल तर अलर्ट’ एवढाच नियम लावला असेल तर आकडाच न आल्यावर तो गप्प राहू शकतो. ‘उत्तरच आलं नाही’ यासाठी वेगळा अलर्ट हवा, आणि तो वाजतो का ते एफआरआर थांबलेला असतानाच पाहून घ्यावं.