दिवा विझला म्हणजे दोष गेला?

मोटारीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे बरेच दिवे लागतात आणि थोड्या वेळाने विझतात. त्यातला एक लाल असतो. मधोमध वर्तुळ, त्यात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. हा ब्रेकचा इशारा देणारा दिवा.

आमच्या जुन्या गाडीतला हा दिवा एकदा घाटातल्या वळणांवर लुकलुकायला लागला. सरळ रस्त्यावर विझायचा, वळणावर पुन्हा लागायचा. बॉनेट उघडून पाहिलं, तर ब्रेक ऑइलच्या प्लॅस्टिकच्या डबीतली पातळी खालच्या खुणेशी आली होती. आम्ही नवीन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं. दिवा विझला. आपणच दुरुस्ती केली म्हणून आम्ही खूश!

चार महिन्यांनी ब्रेक दाबताना पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला. ब्रेकपॅड पार झिजले होते. म्हणजे दिव्याने चार महिने आधीच सांगितलं होतं आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं होतं. हे कसं झालं?

ऑइल गेलं कुठे?

डबीत एक तरंगणारा गोळा असतो, घरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच, पण छोटा. त्यात लोहचुंबक असतं. पातळी उतरली की गोळा खाली येतो, चुंबक एका स्विचजवळ पोचतं आणि दिव्याचं सर्किट पूर्ण होतं. वळणावर द्रव एका बाजूला कलतो, गोळा क्षणभर खाली जातो. म्हणून तो लुकलुकाट.

पण पातळी उतरली का? गळती तर कुठेच नव्हती. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. पॅड झिजतात तसा त्यांना ढकलणारा दट्ट्या हळूहळू बाहेर येतो. त्याच्यामागे रिकाम्या झालेल्या जागेत डबीतलं ऑइल उतरतं.

गणित करून पाहू. दट्ट्याचा व्यास ५ सें.मी. धरला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २० चौ. सें.मी. येतं. प्रत्येक पॅड १० मि.मी. वरून ३ मि.मी. पर्यंत झिजला, तर दोन पॅडची मिळून झीज १४ मि.मी. होते. बहुतेक लहान गाड्यांत एकच दट्ट्या ही सगळी झीज भरून काढतो. म्हणजे एका चाकाला २० × १.४ = २८ घ. सें.मी. आणि पुढच्या दोन चाकांना ५६ घ. सें.मी. ऑइल लागलं. छोट्या डबीतली पातळी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरवायला एवढं पुरतं.

तेव्हा दिव्याने मोजली ती फक्त पातळी. पातळी उतरण्याची कारणं दोन असू शकतात, गळती किंवा झीज. दोन्ही न तपासता ऑइल ओतलं, तर विझतो तो फक्त दिवा.

नवे पॅड, नवा गोंधळ

पॅड आम्हीच बदलायचं ठरवलं. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगडाची उटी, जॅकबरोबर आधाराला भक्कम स्टँड. जाड नवे पॅड बसायला दट्ट्या आत ढकलावा लागतो. तो ढकलला आणि मघाचं गणित उलटं झालं. ५६ घ. सें.मी. ऑइल डबीकडे परत निघालं. डबी तर आम्ही आधीच भरून ठेवलेली! ऑइल काठावरून सांडलं. हा द्रव गाडीचा रंग खातो, पण पाण्यात मिसळतो, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुतलं.

याला आपण 'ऑइल' म्हणतो खरं, पण नेहमी वापरला जाणारा ब्रेकचा द्रव खनिज तेल नसतो. नावाला फसून त्यात इंजिन ऑइल घातलं, तर आतली रबरी वायसरं फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचाच द्रव घालायचा.

चाकं बसवून झाल्यावर इंजिन चालू न करताच ब्रेक दाबून पाहिला. पेडल थेट तळाला गेलं! आत ढकललेल्या दट्ट्यांना पुन्हा पॅडपर्यंत यायला हवं होतं. चार-पाच वेळा दाबल्यावर पेडल कडक झालं. हे न करता गाडी बाहेर काढली असती, तर पहिल्या ब्रेकला ती थांबली नसती. त्या वेळी डबी भरलेली होती, म्हणजे पातळीचा स्विच यातलं काहीच सांगू शकला नसता.

एक दिवा, अनेक स्विच

आता पातळी दोन खुणांच्या मध्ये, हँडब्रेक पूर्ण खाली. तरी दिवा लागलेलाच. इथे विज्ञानाच्या तासाला शिकवतो ती समांतर जोडणी कामी आली. साध्या वायरिंगच्या गाडीत या एका दिव्याला निदान दोन स्विच समांतर जोडलेले असतात, एक हँडब्रेकच्या दांड्याशी आणि दुसरा ऑइलच्या डबीत. कोणताही एक जोडला गेला की दिवा लागतो. कोणता, ते दिवा सांगत नाही. ते आपण शोधायचं.

पद्धत सोपी आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हँडब्रेक वर-खाली करून पाहिला, फरक नाही. मग डबीच्या झाकणावरची वायर काढली. दिवा विझला! म्हणजे दोष याच फांदीत होता. झाकण उघडलं, तर त्याला जोडलेला गोळा खालीच अडकून बसला होता. बोटाने मोकळा केला, वायर जोडली, आता दिवा विझलेलाच राहिला. (ज्या गाड्यांत दिव्याचा कारभार संगणक पाहतो, तिथे वायर काढण्याआधी गाडीची माहितीपुस्तिका पाहावी.)

वायर काढली तेव्हाही दिवा विझला होताच. ती तशीच ठेवली असती, तर दिवा गोळ्यामुळे पुन्हा कधीच लागला नसता, खरोखरची गळती झाली तरीही. म्हणून आम्ही शेवटी उलट तपासणी केली. हाताने गोळा खाली केला, दिवा लागला. वर केला, विझला. हँडब्रेक ओढला, लागला. किल्ली फिरवताच दिवा क्षणभर लागतो तोही याचसाठी. जो दिवा कधीच लागत नाही, त्याच्या विझलेलं असण्याला अर्थ नाही.

दिव्याला न दिसणारं

पिवळा एबीएसचा दिवा वेगळी गोष्ट सांगतो. चाकाजवळ वेग मोजणारा संवेदक असतो. काम करताना त्याची वायर ताणली गेली किंवा त्यावर चिखल बसला, तरी हा दिवा लागतो. तेव्हा नेहमीचे ब्रेक सहसा चालतात, पण जोरात दाबल्यास चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, तर गाडी न हलवता मेकॅनिकला बोलवावं.

नळीत शिरलेली हवा मात्र साध्या वायरिंगच्या गाडीत कोणत्याच दिव्याला दिसत नाही. दुरुस्तीत नळी सोडवली गेली, तर हवा आत जाते. डबी भरलेली असते, दिवा शांत असतो, पण पेडल स्पंजासारखं लागतं. जुनं ऑइलही असंच फसवतं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं, तर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की अशा द्रवाची वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून दुरुस्तीनंतर दिव्याबरोबर पेडलही तपासायचं. इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जात राहिलं, तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

वर्गात करून पाहा

एक लहान आणि एक मोठी सिरिंज सलाइनच्या नळीने जोडा. आत पाणी भरा, हवा अजिबात नको. एकाने मोठीचा दट्ट्या घट्ट धरायचा, दुसऱ्याने लहानीचा दाबायचा. मोठा दट्ट्या धरणाऱ्याला किती जास्त जोर लावावा लागतो ते पाहा. हाच पास्कलचा नियम. आता मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा आत सोडा. लहान दट्ट्या आत जातो, पण मोठ्यापर्यंत जोर पोचत नाही.

दुसरा प्रयोग खोक्याचा. बॅटरी, एक बल्ब आणि समांतर जोडलेले तीन स्विच खोक्यात बसवा. बल्ब तेवढा बाहेर दिसू द्या. मुलांच्या नकळत एक किंवा दोन स्विच चालू करून ठेवा. प्रत्येक स्विचची एक वायर बाहेर काढा, म्हणजे ती सोडवता आणि जोडता येईल. कोणता स्विच चालू आहे, हे मुलांनी शोधायचं. दोन चालू असतील, तर एकच वायर सोडवून बल्ब विझणार नाही. इथे बरीच मुलं अडतात. त्यांना लगेच उत्तर सांगू नका. आणि बल्ब विझल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: 'आपण दोष काढला, की फक्त वायर?'